ओल्या घोंगडीचा वास

एकोणीसशे अठ्ठावन्न साल. मला सतरावं सरून अठरावं लागलं होतं, ओठावर मिसरूड फुटली होती आणि घरातला कर्ता मीच, असा माझा पक्का समज होता. खरा कर्ता माझा थोरला भाऊ, दादा. पण तो दौंडला लोकोत, म्हणजे रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये, खलाशी. इंजिनं पुसायची, वंगण घालायचं, राख ओढायची. शनिवारी दिवस कलताना घरी यायचा आणि रविवारी दुपारच्या यष्टीनं परत जायचा. बाप मी पाळण्यात असतानाच गेलेला. तेव्हा उरलेले दिवस घरात बाप्या माणूस मी एकटा. आई होती, वहिनी होती, पण बायकांना जगाची अक्कल नसते असं मला तेव्हा वाटायचं. शाळा मी चौथीत सोडली होती. बरोबर गणित मास्तरांनी चूक म्हटलं, मी पाटी उंबऱ्यावर ठेवली ती परत उचलली नाही. त्या गणिताचं उत्तर बरोबरच होतं, हे मी आजही म्हणतो.

स्वभाव संशयी. हे मी लपवत नाही. घोडनदी गावच्या बाजारात गेलो, की आधी दुकानदाराच्या पारड्याखाली चिंच चिकटवलीय का ते बोट घालून बघायचो. बैल विकत घेणारे लोक दात बघतात. मी बैलाचे दात बघून मग विकणाऱ्याचे डोळे बघायचो. या स्वभावानं मला जन्मात कितीदा वाचवलं त्याची गणती नाही. आणि एकदा त्यानंच मला तोंडघशी पाडलं, ती ही गोष्ट. आजवर कुणाला सांगितली नाही. आता वहिनीही नाही, दादाही नाही, तेव्हा लिहून ठेवतो.

आमचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. दगडाच्या भिंती, वर माळवद, खाली शेणानं सारवलेली जमीन. वहिनी, अनसूया तिचं नाव, केंदूरची. ती घरात आली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, म्हणून तिला मी आईसारखंच एकेरीत बोलायचो आणि ती मला रीतीप्रमाणं ‘भावजी’ म्हणायची. तिची भाकरी गावात नावाजलेली. सकाळी मी गोठ्यात असायचो, तेव्हा काटवटीतला आवाज कानावर यायचा: थप थप थप, मग जरा थांबून बांगड्यांची किणकिण, मग तव्यावर चर्र. त्या थांबण्यात ती भाकरी फिरवायची. मी म्हशीची धार त्या तालावर काढायचो. बाजरीची भाकरी, तीसुद्धा अशी पातळ की पापुद्रा वर आला की आतली वाफ नाकाला चटका द्यायची. वर पाट्यावरचा ठेचा, कधी हुलग्याची शेंगोळी. मी चार भाकऱ्या खायचो आणि पाचवीला नको म्हणायचो, म्हणजे ती आग्रह करायची.

त्या वर्षी हिवाळा कोरडा पडला. नदीवरून वारा यायचा तो अंगाची सालटी काढायचा. दादा आठवड्याचे कपडे बोचक्यात बांधून आणायचा. निळे कपडे, पण निळा रंग कुठं दिसायचा नाही. वंगण आणि कोळसा मिळून त्यांचं कातडं झालेलं. आईचा हट्ट असा, की माझ्या लेकाचे कपडे साहेबाच्या कपड्यासारखे दिसले पाहिजेत. मग वहिनी रविवारी सकाळी नदीवर जायची, घमेल्यात धुण्याचा सोडा मूठमूठ कालवायची आणि कोपरापर्यंत हात बुडवून ते कपडे घासायची. दादा परत निघायच्या आत वाळले पाहिजेत म्हणून घाई. परत आली की हात पांढरे फटक दिसायचे, जसे पिठातून काढलेत. दोन दिवसांत ते पांढरं जायचं. त्या हिवाळ्यात ते गेलंच नाही.

आधी बोटांच्या पेरांवर बारीक रेघा आल्या. मग तळहाताला भेगा. मग हाताच्या पाठीवर चट्टे, खरखरीत, मासोळीच्या खवल्यासारखे. मला हे सगळं आधी कानानं कळलं. काटवटीतली थाप तुटायला लागली. थप, मग काही नाही, मग थप थप, मग ‘स्स’ असा तोंडातून वारा घेतल्याचा आवाज. मी म्हशीच्या आचळाला हात लावून वाट बघत बसायचो. एका सकाळी ताटात भाकरी आली, त्यावर एक लाल ठिपका होता. मिरचीच्या बियाएवढा. मी ताट सरकवलं.

“काय झालं भावजी?”

“भूक न्हाई.”

तिनं भाकरी बघितली, उचलली, आणि स्वतःच्या पदराखाली घेतली.

शेजारी चंद्राआत्या राहायची. नात्यानं आत्या नव्हे, गावानं आत्या. तिच्याकडं कुठल्याही दुखण्याचं नाव तयार असायचं. तिनं वहिनीचे हात लांबूनच बघितले, आईला गोठ्यामागं नेलं आणि मी ऐकेन अशा बेतानं कुजबुजली, “सखू, रगतपिती हाय ही. महारोग. माझ्या मामाच्या गावात एकीला आशीच सुरुवात झाली. आधी हात, मंग नाक.”

आईचं तोंड उतरलं. त्या रोगाचं नाव घरावर पडलं की काय होतं हे गावाला ठाऊक होतं. पाणवठा बंद, सोयरीक बंद, माझं लग्नही कुणी जमवलं नसतं. आज या वयात असं वाटतं, की तो रोग असताच तरी माणूस उकिरड्यावर टाकायचं काय कारण होतं? पण आजचं शहाणपण त्या दिवशी माझ्यापाशी नव्हतं. त्या दिवशी मी आईच्या बाजूनं उभा राहिलो.

मग घरात नवा कायदा सुरू झाला. वहिनीचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. आणि माठाला, पिठाला, भांड्याला हात लावायच्या आधी तिनं हात धुवायचे. नुसते नव्हे. कडुलिंबाचा पाला उकळलेलं कढत पाणी, त्यात सोडा, वर चुलीतली राख, आणि खापरीच्या तुकड्यानं घासायचं. रोग धुऊन निघाला पाहिजे. राखण कोण करणार? मी. “वैनी, हात धुतलेस का?” हे मी दिवसातून इतक्या वेळा विचारायचो की मला स्वतःलाच त्याचा कंटाळा यायचा, पण सोडायचो नाही. ती ‘व्हय’ म्हणाली तरी मी म्हणायचो, माझ्यादेखत धू. ती धुवायची. ओठ दाताखाली धरून धुवायची. आणि जितकी धुवायची तितके हात जास्त उलायचे. त्यावरून आमचा संशय आणखी बळावायचा, आणि संशय बळावला की आम्ही आणखी घासायला लावायचो. बैल घाण्याला जुंपल्यासारखं आमचं चाललं होतं.

शेवटी आईनं मनाशी ठरवलं. “या शनवारी दादा आला की सांगते त्याला. केंदूरला नेऊन घाल म्हणावं हिला.” किती दिवसांसाठी, ते ती बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. चार वर्षांत मूलबाळ नव्हतं, त्यात हे. चंद्राआत्यानं दादासाठी यवतकडची एक पोरगीही सुचवून ठेवली होती. वहिनी हे सगळं भिंतीआडून ऐकत असणार. आमच्या घरात भिंती जाड होत्या, पण दारं नव्हती.

बाजाराच्या दिवशी वहिनी मीठमिरची आणायला घोडनदीला निघाली. एरवी ती बायकांच्या घोळक्यातून जायची. त्या दिवशी एकटीच, आणि पदर पुढं ओढून. मला शंका आली. मी अंतर ठेवून मागं चालू लागलो. दीड तासाची वाट. बाजाराकडं वळायचं सोडून ती चर्चच्या अंगानं मिशनच्या दवाखान्यात शिरली. तिकडं गेलेला माणूस धर्म सोडून येतो, असं आमच्याकडं म्हणायचे; कोण सोडून आला ते नाव मात्र कुणाला सांगता यायचं नाही. मी खिडकीबाहेरच्या लिंबाआड उभा राहिलो. आत एक नर्सबाई होती, आपलीच मराठी बाई, पांढरं लुगडं, केसात तेल घालून चापून बांधलेला अंबाडा. तिनं वहिनीला डोळे मिटायला लावले. मग कोंबडीचं पीस घेऊन तिच्या हातावरून हलकं हलकं फिरवायला लागली, आणि वहिनी मिटल्या डोळ्यांनी काहीतरी पुटपुटत होती.

मंत्र! दुसरं काय असणार? तेवढ्यात नर्सबाईचं लक्ष खिडकीकडं गेलं.

“काय रे, कुणाला बघतोस? आत ये, बाहेर का उभा?”

मी पळालो. अठरा वर्षांचा गडी, बैलाची शिंगं धरणारा, पण एका बाईच्या हाकेला वाटेवरच्या ओढ्यापर्यंत पळालो. हे लिहिताना आजही कान तापतात.

त्यानंतर दोन दिवस मी नुसता बघत राहिलो. वहिनीचे हात चकाकत होते. घासताना ती खापरी हातात धरायची पण फिरवायची नाही, मी नजर वळवली की नुसतं पाणी ओतून उठायची. आणि तिच्या अंगाला एक वास येत होता. ओळखीचा, पण कशाचा ते ध्यानात येईना. दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेल्यावर मी घर उलथंपालथं केलं. बाजरीच्या कणगीत कोपरभर हात घातला तेव्हा सापडली: पत्र्याची वाटोळी डबी, आत पिवळसर, चिकट लोण्यासारखं काहीतरी.

ती घागर घेऊन आत आली तेव्हा मी चुलीपुढं डबी उघडी धरून बसलो होतो.

“ह्ये काय हाय?”

तिनं घागर उतरवली. घाबरली नाही. दमल्यासारखी भिंतीला टेकली. “मलम हाय भावजी. नर्सबाईनं दिलंय.”

“कशाची चरबी हाय ही? गाईची का डुकराची?”

“मेंढीच्या लोकरीतलं तेल हाय म्हणली ती.”

“लोकरीत तेल? तुला येडी समजली ती आन् तू झालीस! बाटवायचं काम हाय ह्ये. पीस फिरवून मंत्र घालत हुती तुझ्यावर, म्या बघितलंय डोळ्यांनी.”

वहिनीला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. “मंत्र कसला? डोळं मिटाय लावलं, आन् पीस लागलं की ‘हितं’ म्हण म्हणली. समदीकडं मला कळलं. ती म्हणली, त्या रोगात चट्टा बधिर हुतो, तुझा तर ठणकतोय. ह्यो त्यो रोग न्हाईच. सोड्यानं हाताचं मूळचं तेल धुऊन गेलंय, आन् तुम्ही आणिक धुताय.”

“हाताला कुठलं आलंय मूळचं तेल?”

ती खाली वाकली आणि बोटानं जमिनीला टकटक केलं. “भावजी, ह्या जमिनीला रोज खराट्यानं खरवडली आन् सारवलीच न्हाई तर काय हुईल?”

“भेगा पडतील.”

“मंग जमिनीला महारोग झाला म्हणाल का?”

उत्तर सापडलं नाही की मला राग येतो. मी उलथण्याच्या टोकानं डबीतलं सगळं खरवडलं आणि चुलीत टाकलं. भसकन जाळ झाला. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. घरभर वास पसरला, आणि त्या वासानं मी जागच्या जागी थांबलो. आता ओळख पटली. पावसाळ्यात रानातून भिजून आल्यावर खुंटीवर टांगलेली घोंगडी, तिचा वास. लहानपणापासून त्या घोंगडीत मी निजलो होतो. ओल्या घोंगडीचा वास माझ्यापासून कुणी लपवू शकत नाही.

आमची नात पुण्याला शिकते. ती सुट्टीला आली की खिडकीत अंगाला लावायच्या बाटल्यांची रांग लागते. परवा मला म्हणाली, “आबा, यानं त्वचेचं कवच टिकतं.” मी बाटली उलटी करून बघितली, वास घेतला. फुलांचा. मी म्हटलं, “ह्याला खरा वास का न्हाई? वास झाकतात ते काहीतरी झाकतातच.” ती हसते. ती आंघोळ झाल्यावर ओल्या अंगालाच ते लावते, तेवढं मात्र मला पटतं. का पटतं ते मी तिला सांगितलेलं नाही.

चूक कळली की माणसानं कबूल करावं असं म्हणतात. मला ते जमत नाही. मला आधी पुरावा लागतो, तोही माझ्या हातानं शोधलेला. शुक्रवारी सकाळी रिकामी डबी खिशात घालून मी रानात गेलो. इनामगावाकडून वर सरकत आलेला धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, आमच्या शेतात उतरला होता. खतासाठी आम्हीच मेंढरं बसवली होती. त्यांचा म्हातारा बिरूआप्पा. सत्तरीच्या पुढचा, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं. नदीत धुऊन उन्हात वाळवलेली मेंढरं एकेक करून पुढ्यात घेत होता आणि कातरीनं लोकर उतरवत होता. कातर कचकच चालायची आणि लोकर गोधडीसारखी एकसंध सुटून यायची.

मी डबी त्याच्या नाकाखाली धरली. “आप्पा, ह्यो कशाचा वास?”

मनातून मला अजूनही वाटत होतं, की तो म्हणावा, छ्या, ही तर गाईची चरबी. म्हणजे मी बरोबर ठरलो असतो.

त्यानं वास घेतला आणि मोठ्यानं हसला. “आरं, ही तर माझ्या मेंढरांची घाण! डबीत कुणी भरली रं? आन् तुला कितीला इकली?”

“मेंढराला तेल असतं?”

“हात आण हिकडं.” त्यानं माझा पंजा धरून मेंढराच्या लोकरीत मुळापर्यंत खुपसला. आत ऊब होती, आणि बोटांना काहीतरी चिकट, तुपट लागलं. डबीतलंच ते, तोच वास. मग त्यानं लोट्यातलं पाणी दुसऱ्या, न कातरलेल्या मेंढराच्या पाठीवर ओतलं. पाणी मोत्यासारखं घरंगळून खाली गेलं. “बघ. भाईरचं पाणी आत जाईत न्हाई, आन् आतली वल भाईर जाईत न्हाई. देवानं समद्यांनाच दिलंय, मेंढराला जरा जास्त.” आणि त्यानं स्वतःचे तळवे माझ्यापुढं उघडले. तोंड वाळलेल्या खारकेसारखं, जन्म उन्हात गेलेला, पण तळवे? नवऱ्या मुलीचेसुद्धा इतके मऊ नसतील. “सत्तर वर्सं लोकरीत हात हाईत. भेग म्हंजी काय, ठाऊक न्हाई.”

मी हटून बसलो. “पर धुतल्यानं भेगा कशा पडतील? धुणं चांगलंच की.”

आप्पानं कातर खाली ठेवली. “एक सांगतो. माझ्या धाकट्या भावाला लई हौस. लोकर पांढरी दिसली तर घोंगडीवाला खूश हुईल म्हणून त्यानं एका मेंढीला सोड्यानं धुतली. आम्ही नुसत्या पाण्यानं धुतो, आमचा बाप, त्याचा बाप, समदी. ही सोड्यानं. दिसाय कशी दिसली, जणू कापूस! चार दिसांत कातडं कोरडं ठाक, खाजवून खाजवून रगत काढलं तिनं. आन् पाऊस आला तशी भिजली आतपातूर. गारठून मेली बघ.” त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं. “तुमच्यात कोण धूतंय कुणाला?”

मी डबी खिशात घातली. आप्पा परत कातरायला लागला. मी नदीच्या काठाला जाऊन बसलो आणि डोक्यात काटवटीतला आवाज आणला. थप, मग काही नाही, मग ‘स्स’. ठेच्यात मीठ घालताना ‘स्स’. कढत पाण्यात हात घालताना ‘स्स’. बधिर हात ‘स्स’ करत नाही. नर्सबाईनं पिसानं जे शोधलं ते माझ्या कानानं कधीच ऐकलं होतं. मी संशयी म्हणवून घेत होतो, पण जगावर संशय घेतला, चंद्राआत्याच्या शब्दावर घेतला नाही. स्वतःवर तर नाहीच नाही.

शनिवारी दिवस कलताना दादा आला. खांद्यावर बोचकं, डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या कोळशानं भरलेल्या. आईनं त्याला चहासुद्धा नीट पिऊ दिला नाही. सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, “उद्या सकाळच्याला हिला केंदूरला पोचव. गाठोडं म्या बांधून ठिवलंय.” वहिनी चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिची पाठ हलत नव्हती. दादानं बशी खाली ठेवली. तो मऊ माणूस. इंजिनाशी बोलायचा, माणसांशी फारसं नाही. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

“तू घरी असतोस. तू काय म्हणतोस?”

आईनं माझ्या वतीनं मान डोलावली. सगळा आठवडा मी तिच्याच बाजूला होतो ना. मी खिशातून डबी काढली आणि जमिनीवर ठेवली.

“त्यो रोग न्हाई,” मी म्हणालो.

“कालपातूर तूच तिला घासाय लावत हुतास की रं!” आई.

“तिला कळ लागती. मीठ लागलं की लागती. म्या रोज ऐकतोय. त्या रोगात कळ न्हाई लागत. सोड्यानं झालंय ह्ये. दादाच्या कापडांनी.” आणि मी आप्पाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, जशी ऐकली तशी.

“मेंढराची आन् माणसाची बरोबरी करतोस व्हय मेल्या?”

तेव्हा दादा बोलला. स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून बघत बोलला. “आये, आमच्या लोकोतला म्हातारा मिस्त्री रोज हात धुतल्या धुतल्या वल्या हातालाच गोडं तेल चोळतो. आम्ही हसतो त्याला, बाईवानी नखरं करतो म्हणून. समद्यात चांगलं हात त्याचंच हाईत.” मग वहिनीकडं बघून म्हणाला, “म्या आजपातूर कपडं आणून टाकलं. कोण धूतंय, कसं धूतंय, कवा इचारलं न्हाई.”

वहिनी तरीही वळली नाही. चुलीतलं लाकूड उगाचच मागं ओढलं.

आई हट्टी, मी तिचाच मुलगा. ती गाठोड्याकडं बघून म्हणाली, “बरं. म्हैनाभर बघू. हात सुधारलं तर ऱ्हाईल, न्हाई तर केंदूर. पर मला सांगा, हिनं सोड्याला शिवायचं न्हाई, तर हे बोचकं कोण धुणार? म्या म्हातारीनं?”

‘माझी चूक झाली’ हे शब्द त्या संध्याकाळी माझ्या तोंडून निघाले नाहीत, पुढंही कधी निघाले नाहीत. वहिनीनंही मागितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आई उठायच्या आत, मी बोचकं खांद्यावर टाकलं, घमेलं आणि सोड्याची पुडी घेतली आणि नदीवर गेलो. धुण्याच्या दगडावर गावातल्या बायका होत्याच. बाप्यानं धुणं धुवायचं ही गोष्ट आमच्या गावात कुणी बघितलेली नव्हती. आवाज बंद पडले, मग एकदम सगळ्यांचा हशा. चंद्राआत्या कमरेवर हात देऊन म्हणाली, “काय रं, लगीन व्हायच्या आधीच बायकूची कामं शिकून ठिवतोस व्हय?” मी म्हणालो, “आत्या, तुझं बी दे, धुतो. पर मामाच्या गावाची गोष्ट सांगू नगंस.” बायका आणखी हसल्या, पण आता कुणाला हसत होत्या ते आत्यालाही कळलं. मी सोडा कालवला, कोपरापर्यंत हात घातले. अंगठ्यावर विळ्याची जखम होती, ती अशी झोंबली की माझ्याही तोंडून ‘स्स’ निघालं. एक विजार घासता घासता खांदे भरून आले. वंगण निघता निघत नव्हतं. उन्हं वर आली तेव्हा माझी बोटं पांढरी फटक पडून ताठ झाली होती, मूठ मिटत नव्हती.

ओलं धुणं घेऊन घराशी आलो तर आतून काटवटीचा आवाज येत होता, पण तो ताल नव्हता. धबधब, वेडावाकडा. आई भाकरी थापत होती; कित्येक वर्षांनी. वहिनी उंबऱ्यावर बसली होती, नुकतंच नुसत्या पाण्यानं धुतलेले हात मांडीवर ठेवून. मी खिशातली डबी काढली. तिच्या कडेला, पत्र्याच्या दुमडीत, उलथण्याच्या टोकाला न सापडलेलं नखाएवढं मलम उरलं होतं. मी डबी तिच्यापुढं ठेवली.

“कडंला जरा हाय,” मी म्हणालो. “वल्या हातालाच लाव.”

आणि धुणं वाळत घालायला वळलो.